टोकियोत व्हीगन रामेन खायला पहिल्यांदा जाताना

पुण्या-मुंबईहून येणाऱ्या शाकाहारी पाहुण्यांच्या बॅगेत काय असतं ते मला आता पाठ झालंय. मेथीचे ठेपले, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, झटपट पोह्यांची पाकिटं. पहिले तीन दिवस त्यावर निघतात. चौथ्या दिवशी शिंजुकूच्या एखाद्या गल्लीतून चालताना रामेनच्या, म्हणजे सुपातल्या नूडल्सच्या, दुकानाचा कापडी पडदा हलतो, आतून वाफेचा लोट येतो, वाडग्यावर वाकून जेवणारी माणसं दिसतात, आणि पाहुणे हळूच विचारतात, "आपल्याला यातलं काहीच चालणार नाही का?"

चालतं. फक्त कुठे जायचं आणि आत गेल्यावर काय करायचं हे आधी माहीत हवं. मी आठ वर्षं टोकियोत निशी-कासाईला राहते. आई, सासूबाई, भाचरं, नवऱ्याचे मित्र अशा कितीतरी जणांना मी व्हीगन, म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध यातलं काहीही नसलेलं, रामेन खायला नेलंय. दरवेळी तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. नेहमीच्या रामेनमधून मांस उचलून घेतलं की व्हीगन रामेन झालं, असं अजिबात नाही. त्याचा रस्सा पहिल्या पाण्यापासून वेगळा केलेला असतो. हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं सोपं आहे.

आधी रस्सा समजून घ्या

मिसळ डोळ्यांपुढे आणा. खाली उसळ, तिच्यावर रस्सा, वर तर्रीचा तवंग, मग फरसाण आणि कांदा. रामेनही असंच थराथराने रचतात. वाडग्याच्या तळाशी आधी 'तारे' घालतात. तारे म्हणजे खारट, दाट अर्क. तो मिठाचा असेल तर ते शिओ रामेन, सोया सॉसचा असेल तर शोयु, मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचा, असेल तर मिसो. त्यात वासाचं तेल पडतं, वरून उकळतं सूप ओततात, सुपात नूडल्स सोडतात आणि शेवटी वरची सजावट करतात.

नेहमीच्या दुकानात यातल्या जवळजवळ प्रत्येक थरात प्राणिज काहीतरी असतं. सूप डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचं असतं, पुष्कळदा सुकवलेल्या माशांचंही. ताऱ्यात मासा असतो. वासाचं तेल म्हणजे बऱ्याचदा चरबीच. काही नूडल्समध्ये अंडं असतं. म्हणून "वरचे मांसाचे तुकडे तेवढे घालू नका" असं सांगून काही साधत नाही. तुकडे जातात, रस्सा तोच राहतो.

हे मी अनुभवाने शिकले. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात ऑफिसजवळच्या एका दुकानात फळ्यावर 'यासाई रामेन' वाचलं. यासाई म्हणजे भाजी, एवढं जपानी तेव्हा येत होतं. वाडगा आला तो कोबी, गाजर आणि मोड आलेल्या मुगांसारख्या लांब कोंबांनी शिगोशीग भरलेला. पहिला घोट घेतला आणि चव ओळखीची वाटेना. शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं, तर तो सहज म्हणाला, "सूप? डुकराचं. नेहमीचंच." दुकानाने फसवलं नव्हतं. वर भाज्या होत्या, त्यांनी तेवढंच लिहिलं होतं. पण त्या दुपारी मला फार वाईट वाटलं, आणि हे पाहुण्यांच्या वाट्याला येऊ नये असं तेव्हापासून मनात आहे.

अशीच फसगत 'बेजितारियन' या शब्दाने होते. हा शब्द इथे सगळ्यांना ऐकून माहीत असतो, पण त्यात मासा येत नाही हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्यातही खास करून 'दाशी'. दाशी म्हणजे बहुतेक वेळा कात्सुओ नावाच्या माशाच्या सुकवलेल्या कापांचं पाणी. आपण जिरं-मोहरीची फोडणी जशी वेगळी मोजत नाही, तसं इथे दाशीला कोणी मासा म्हणून मोजत नाही. म्हणून विचारताना 'व्हीगन' हाच शब्द वापरा. उच्चार 'बीगन' किंवा 'वीगन' असा होतो. दुकानाच्या पाटीवर किंवा मेनूवर 'दोबुत्सुसेइ फुशियो' असं लिहिलंय का, हे फोनच्या भाषांतर ॲपने बघता येतं. त्याचा अर्थ, प्राणिज काहीही वापरलेलं नाही.

आणखी एक. काही दुकानांत ॲलर्जीचा तक्ता लावलेला असतो. त्यात अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा अशा गोष्टींपुढे खुणा असतात. एकही खूण नाही म्हणजे शाकाहारी, असं समजू नका. कात्सुओ मासा त्या यादीत मुळातच नसतो.

मग मासे-हाडांशिवाय चव येते कुठून

हा प्रश्न माझ्या आईने विचारला होता, आणि त्याचं उत्तर फार सुंदर आहे. चवीचा पाया कोम्बुचा, म्हणजे सुकवलेल्या समुद्रशेवाळाचा. याच्या काळपट हिरव्या जाड पट्ट्या मुख्यतः होक्काइदोच्या किनाऱ्यावरून येतात. १९०८ मध्ये टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी या कोम्बुच्या पाण्यातूनच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. म्हणजे उमामीचा शोध लागला तोच मुळी समुद्रशेवाळात. सुकवलेल्या शिताके आळंब्यांमध्ये ग्वानिलेट नावाचं दुसरं द्रव्य असतं. कोम्बु आणि शिताके एकत्र आले की दोघांची मिळून चव बेरजेपेक्षा कितीतरी जास्त लागते. आमसूल आणि गूळ एकत्र आल्यावर आमटीचं जे होतं, तसंच काहीसं.

दाटपणा हा दुसरा भाग. हाडं तासन्‌तास उकळली की चरबी पाण्यात बारीक मिसळून सूप दुधाळ होतं. व्हीगन स्वयंपाकघरात हेच काम सोया दूध आणि तिळाची बारीक वाटलेली पेस्ट करते. दोन्हींत तेल असतं आणि ते पाण्यात नीट धरून ठेवणारे घटकही असतात. म्हणून तिळाचं रामेन जिभेवर भरदार लागतं. कोपऱ्यातल्या टेबलावर डोळे मिटून प्यालात तर त्यात काय नाही, याची आठवणही होणार नाही.

नूडल्सचा पिवळसर रंग अंड्याचाच असेल अशी शंका येते. तो बहुतेक वेळा 'कान्सुई'चा असतो. कान्सुई म्हणजे खारं पाणी, त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट असतात. आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो, त्याच कुळातलं. त्यानेच नूडल्सना तो लवचिक ताण येतो. अंडं घातलेल्या नूडल्स असतात हेही खरं, पण व्हीगन दुकानात त्या नसतात.

कुठे जायचं

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी टोकियो स्टेशनमधल्या 'टीज तान्तान'लाच नेते. पूर्ण दुकानच व्हीगन आहे. मांस, मासे, अंडी, दूध यातलं काही तिथे नाही, त्यामुळे एकही प्रश्न न विचारता बसता येतं. निशी-कासाईहून तोझाई लाइनने ओतेमाचीला उतरून आतल्या आत चालत टोकियो स्टेशनला जाता येतं.

हे दुकान जेआर या रेल्वेच्या तिकीट-फाटकाच्या आत आहे, हे मात्र लक्षात ठेवा. केइयो स्ट्रीट नावाची दुकानांची ओळ आहे तिथे. यायेसु दक्षिण फाटकाच्या बाजूने केइयो लाइनच्या पाट्या धरून चालत राहिलात की सापडतं. डिस्नेलँडला जाणारी गाडी याच केइयो लाइनवर, त्यामुळे मुलांना घेऊन जाणाऱ्यांना आयतं वाटेत पडतं. जेआरने प्रवास करून आला असाल किंवा पुढे जाणार असाल तर प्रश्नच नाही. फक्त जेवायला जात असाल तर आपल्याकडच्या प्लॅटफॉर्म तिकिटासारखं 'न्यूजोकेन' यंत्रातून काढा. ते दोन तास चालतं, आणि एका वाडग्याला दोन तास भरपूर झाले.

शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, क्योतोकडे निघण्याआधी इथे जेवण करून घेण्याइतकी सोयीची गोष्ट नाही. स्टेशनवर मिळणाऱ्या डब्यांमध्ये, अगदी भाजीच्या डब्यातसुद्धा, दाशी असतेच असं धरून चाला.

दुसरा प्रकार मिश्र दुकानांचा. 'आफुरी' या साखळीची मुख्य ओळख कोंबडीच्या सुपात युझू हे लिंबासारखं फळ घातलेलं रामेन ही आहे, पण तिथे एक व्हीगन वाडगाही ठेवलेला असतो. घरातले निम्मे लोक मांसाहारी असतील तर अशा ठिकाणी सगळ्यांची सोय होते. मात्र स्वयंपाकघर एकच असतं. नूडल्स शिजवायचं पातेलं कदाचित सामायिक असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी संकोच न करता पूर्ण व्हीगन दुकानच गाठावं. घरातल्या मोठ्यांना नेताना मी मिश्र दुकानात जातच नाही. त्यांनी घासागणिक शंका घेत जेवणं मला पाहवत नाही.

क्योतोला जाणार असाल, किंवा टोकियोत तोयोसूचं 'टीमलॅब प्लॅनेट्स' हे डिजिटल कलेचं संग्रहालय बघणार असाल, तर 'व्हीगन रामेन उझू' ही दुकानं त्या दोन्हीकडे आहेत. तिथलं वातावरण कलादालनासारखं, किमतीही थोड्या चढ्या.

कुठेही जायचं असलं तरी निघण्यापूर्वी त्या दिवशीची वेळ नकाशावर तपासा. रामेनची छोटी दुकानं दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मध्ये बंद असू शकतात, सूप संपलं तर लवकर पडदा उतरवतात, आणि 'रासुतो ओदा', म्हणजे शेवटची ऑर्डर, बंद व्हायच्या अर्धा तास आधी असू शकते. दुपारी बारा ते एक ऑफिसवाल्यांची गर्दी असते. अकरा-साडेअकराला किंवा दोनच्या सुमारास जा.

दारापासून टेबलापर्यंत

बाहेर रांग असेल तर रांगेच्या शेवटी उभे राहा. एकाने जागा धरून बाकीचे पाच नंतर आले, हे इथे चालत नाही. सगळे आल्यावरच उभं राहायचं. आत गेल्यावर "इराश्शाइमासे", म्हणजे या, स्वागत आहे, असा पुकारा होईल. त्याला उत्तर द्यायची गरज नाही, मान तुकवली की पुरे. मग "नान मेइ सामा देसु का", म्हणजे किती जण, असं विचारतील. बोटं दाखवा.

बऱ्याच दुकानांत दारातच तिकिटाचं यंत्र असतं. पहिल्यांदा बघणारा इथे गोंधळतो, म्हणून सावकाश सांगते. बहुतेक यंत्रांत आधी पैसे टाकायचे, मग बटण दाबायचं. पैसे टाकल्यावरच बटणांचे दिवे लागतात. डाव्या कोपऱ्यातलं सगळ्यात वरचं बटण बहुधा त्या दुकानाच्या मुख्य पदार्थाचं असतं. काहीच कळेनासं झालं तर तेच दाबा. छोटं तिकीट खाली पडतं, उरलेले पैसे आपोआप येतात किंवा एक दांडा फिरवावा लागतो. जवळ १००० येनच्या नोटा ठेवा. जुनी यंत्रं १०,००० ची नोट घेत नाहीत, आणि जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटाही काही यंत्रं अजून घेत नाहीत. नव्या यंत्रांत इंग्रजीचं बटण असतं आणि सुइका हे रेल्वेचं प्रीपेड कार्डही चालतं. तिकीट हातात ठेवून बसा, काउंटरवर समोर ठेवलं की ते घेऊन जातात. काही ठिकाणी टेबलावरचा चौकोनी कोड फोनने वाचून ऑर्डर द्यायची असते, तिथे भाषा बदलता येते.

एका वाडग्याला साधारण १००० ते १५०० येन लागतात. सध्या १०० येन म्हणजे ढोबळमानाने ५५ ते ६० रुपये, त्यावरून हिशेब करा.

आता जरा नाजूक मुद्दा. आपल्याकडे चौघांत दोन थाळ्या घेऊन वाटून खाणं यात काही वावगं नाही. रामेनच्या दुकानात मात्र माणशी एक वाडगा, असा रिवाज आहे. जागा थोड्या असतात आणि दुकान त्यावरच चालतं. लहान मुलांना वाटून द्यायला हरकत नाही. "तोरिझारा ओ कुदासाई" म्हटलं की छोटी वाटी देतात. बरोबर आणलेले ठेपले किंवा लोणचं इथे काढू नका. बाहेरचं खाणं चालत नाही. तुमच्यापाशी ते आहे म्हणून कोणी काही बोलणार नाही, पण टेबलावर आलं तर दुकानदाराची पंचाईत होते.

पाणी बर्फाचं येतं, हिवाळ्यातसुद्धा. मोठ्या माणसांसाठी "ओयु ओ कुदासाई" हे वाक्य पाठ करा, म्हणजे गरम पाणी मिळेल. काट्यासाठी "फोकु आरिमासु का". चॉपस्टिक जमत नाहीत यात कमीपणा नाही, आणि गरम सूप अंगावर सांडण्यापेक्षा काटा केव्हाही बरा.

काय मागवायचं

पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसाने तान्तानमेन मागवावं, हे माझं ठाम मत आहे. मूळ पदार्थ चीनच्या सिचुआनमधला आणि जवळजवळ कोरडा. तो जपानमध्ये सुपात आणून रुजवला चेन केन्मिन या सिचुआनी आचाऱ्याने, १९५० च्या दशकात. तीळ, तिखट तेल, सोया सॉस आणि सूप ही त्याची जोडणी. संक्रांतीचे तिळगूळ, तिळकूट, भाकरीवरचे तीळ यांवर वाढलेल्या जिभेला ही चव परकी लागत नाही. टीज तान्तानमध्ये सोनेरी, पांढरे आणि काळे असे तिळांचे वेगवेगळे प्रकार मिळतात. पांढऱ्या तिळाचं सौम्य, मुलांना आवडणारं. काळ्या तिळाचं दाट, थोडं कडसर, खुरासणीच्या चटणीची आठवण करून देणारं. सोनेरी तिळाचं दोन्हींच्या मधलं, पहिल्या भेटीला तेच घ्या.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यासमोर तो वाडगा आला तो क्षण मला अजून दिसतो. वर तिखट तेलाचा केशरी तवंग, मधोमध बारीक सोयाच्या खिम्याची लहानशी रास, कडेला पातीच्या हिरव्या चकत्या, त्याच्याजवळ कोमात्सुना नावाच्या पालेभाजीची एक जुडी. खिमा बघून तिचा हात थांबला. "हे सोयाबीनचं आहे, आई," मी म्हटलं. तिने वाकून वास घेतला. मग पसरट तळाचा तो चिनी मातीचा चमचा, रेंगे म्हणतात त्याला, तवंग बाजूला सारत सुपात बुडवला, फुंकर घातली आणि घोट घेतला. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे तिळाचं सार आहे गं." त्यानंतर वाडगा संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

काही दुकानांत तिखटाबरोबर 'शिबिरे' नावाचा वेगळा पर्याय असतो. ते तिखट नव्हे, जिभेला येणाऱ्या मुंग्या. त्या सिचुआनी मिऱ्यांमुळे येतात. कोकणात आणि गोव्यात ज्यांनी तिरफळ खाल्लंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ही दोन्ही झाडं एकाच कुळातली, सख्खी चुलत भावंडं. मालवणचे आमचे एक स्नेही पहिल्या घोटालाच हसले आणि म्हणाले, "ह्यात तिरफळा आसत." ज्यांना ती चव ठाऊक नाही त्यांनी पहिल्या वेळी कमीच घ्यावं.

तीळ नको असतील तर शोयु रामेन आहेच. पातळ, नितळ, कोम्बुची चव सगळ्यात स्वच्छ कळते ती त्यातच. वर 'मेन्मा' असतात, म्हणजे आंबवलेले बांबूचे कोंब. त्यांचा वास थोडा उग्र येतो, ते खराब झालेत असं समजू नका. भूक मोठी असेल तर 'ओमोरी' म्हणजे जास्त नूडल्स मागा. पण पहिल्या खेपेला नको, तिळाचं सूप पोटाला भरीव असतं. उन्हाळ्यात बर्फगार सुपातलं 'हियाशी' मिळतं, जुलैच्या घामट दुपारी ते फार छान लागतं.

कांदा-लसूण खात नसाल तर

व्हीगन म्हणजे कांदा-लसूण विरहित नव्हे. रामेनच्या बहुतेक व्हीगन दुकानांत लसूण, आलं, कांद्याची पात हे सगळं असतं, आणि पुष्कळदा ते तेलात आणि ताऱ्यातच शिजलेलं असतं. "नेगी नुकी" म्हटलं की वरची पात घालणार नाहीत, पण आतला लसूण निघणार नाही. जैन मंडळींना हे मी आधीच स्पष्ट सांगते.

यावरचा उपाय जपानच्याच परंपरेत आहे. बौद्ध मठांतल्या शोजिन र्योरी या स्वयंपाकात लसूण, कांदा, पात या जातीच्या पाच उग्र भाज्या वर्ज्य मानतात. त्यांना 'गोकुन' म्हणतात. म्हणून विचारायचं वाक्य आहे "गोकुन नुकी देसु का". हा शब्द ऐकून जाणकार आचाऱ्याचा चेहरा बदलतो, तुम्हाला नेमकं काय हवंय ते त्याला कळतं. जियुगाओकातलं 'साइदो' हे व्हीगन उपाहारगृह गोकुन वापरतच नाही. माझ्या सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. त्या सप्टेंबरात आल्या होत्या आणि तिथे निश्चिंतपणे जेवल्या. जागा आगाऊ राखूनच जा. तरीही बटाटा, गाजर, मुळा अशी जमिनीखालची कंदमुळं वर्ज्य असतील तर ती वेगळी सांगावी लागतील, कारण गोकुनच्या यादीत ती येत नाहीत.

जे मद्याचा अंशही घेत नाहीत त्यांनी 'मिरिन' ही स्वयंपाकाची गोडसर तांदळाची दारू आणि स्वयंपाकाची साके याबद्दल विचारावं. ताऱ्यात ती बहुधा असते, आणि व्हीगनच्या व्याख्येत ती बसते.

व्हीगन नसलेल्या दुकानात जायची वेळ आलीच तर हे वाक्य जपानी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा आणि दाखवा : "निकु, साकाना, तामागो, न्यूसेइहिन ओ ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन." मांस, मासे, अंडी, दुधाचे पदार्थ खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही. नुसतं बोलून दाखवण्यापेक्षा लिहिलेलं बरं. आचारी ते वाचून आत जातो, डबे तपासतो आणि जमणार नसेल तर हात जोडून नाही म्हणतो. त्या नकाराचा राग मानू नका. अंदाजपंचे हो म्हणणाऱ्यापेक्षा त्याने तुमच्या नेमाची जास्त काळजी घेतलेली असते.

वाडगा समोर आल्यावर

फोटो एक काढा आणि फोन ठेवून द्या. नूडल्स गरम सुपात पाणी शोषत राहतात. पाचएक मिनिटांत त्या फुगू लागतात, जपानीत याला 'नोबिरु' म्हणजे लांबणं म्हणतात, आणि मग तो ताण परत येत नाही. सगळ्यांचे वाडगे येईपर्यंत थांबायची आपली रीत चांगली आहे, पण इथे ज्याचा वाडगा आला त्याने सुरू करायचं. "इतादाकिमासु" म्हणा, आपल्या 'वदनि कवळ घेता'च्या जागी.

आधी सुपाचा एक घोट. मग नूडल्स तळातून वर उचला, थोड्याच, तीन-चार धागे. आणि आता भुरका मारा. लहानपणापासून जेवताना आवाज करू नये हे आपल्याला शिकवलेलं असतं, त्यामुळे पहिल्यांदा संकोच होतो. पण कढीचा किंवा साराचा भुरका आपण मारतोच की. इथे तो नूडल्सचा मारायचा. हवा बरोबर आत गेल्याने तोंड भाजत नाही आणि तिळाचा वास मागच्या बाजूने नाकात चढतो, चव त्यानेच पुरी होते. कपडे पांढरे असतील तर "कामी एपुरोन" मागा, कागदी एप्रन देतात.

तान्तानमेन खाताना खिमा खाली बुडतो आणि शेवटी सुपात सापडतो. त्यासाठी पांढऱ्या भाताची लहान वाटी घेणारे पुष्कळ असतात. उरलेल्या सुपात भात कालवला की आपल्या जिवाला खरी तृप्ती मिळते. एरवी वाटीभर भात सुपात घालणं थोडं घरगुती समजतात, पण रामेनच्या दुकानात ते चालून जातं. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, आणि आपल्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. पहिली कृती मृताला वाढताना करतात, दुसरी अंत्यसंस्कारानंतर अस्थी गोळा करताना. मुलं खेळता खेळता नेमकं हेच करतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

सूप सगळं प्यायलं तर आचाऱ्याला आनंद होतो, पण रामेनच्या सुपात मीठ भरपूर असतं. रक्तदाब असेल तर अर्धं ठेवा. कोणी वाईट वाटून घेत नाही.

निघताना

जेवण झालं की गप्पांसाठी बसून राहू नका, बाहेर लोक ताटकळत असतात. काउंटरवर बसला असाल तर रिकामा वाडगा वरच्या कट्ट्यावर ठेवा आणि समोरच्या फडक्याने आपली जागा पुसून घ्या. पैसे आधी दिले नसतील तर दाराजवळच्या गल्ल्यावर द्यायचे, छोट्या तबकात ठेवून. टीप देऊ नका. टेबलावर नाणी ठेवलीत तर विसरली म्हणून रस्त्यापर्यंत धावत आणून देतील.

पुढच्या प्रवासासाठी आणखी एक सोय आहे. टीज तान्तानच्या चवीचे, यामादाई कंपनीचे कपातले व्हीगन नूडल्स मिळतात, गरम पाणी ओतलं की तयार. हॉटेलच्या खोलीत किटली असतेच. आई परत जाताना बॅगेत ठेपल्यांच्या रिकाम्या डब्याच्या जागी त्याचे सहा कप घेऊन गेली.

दारातून बाहेर पडताना आचाऱ्याकडे बघून "गोचिसोसामा देशिता" म्हणा. छान जेवलो, असा त्याचा अर्थ. आईला मी हे शब्द वाटेत शिकवले होते, पण ऐन वेळी तिला आठवेनात. ती उंबऱ्यापाशी थांबली, वळली, दोन्ही हात जोडले आणि मराठीत म्हणाली, "अन्नदाता सुखी भव." पातेल्यामागून त्याने झारा खाली ठेवला आणि कमरेतून वाकून नमस्कार केला.